कुठलं 'येते', वैजू?

वैजू,

तुला जाऊन आठवडाही झाला नाही आणि मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे. रडायचं तर रडून झालं. पोळ्या लाटताना झालं, सुपरमार्केटच्या दारात सायकलचं कुलूप उघडेना तेव्हा झालं, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत झालं आणि तो बिचारा सारखा सॉरी म्हणत राहिला. पण राग जात नाही. तू म्हणायचीस, निमीचा राग म्हणजे उतू जाणारं दूध, गॅस बारीक केला की खाली बसतं. ह्या वेळी बसत नाहीये. जाताना तू एक शब्द मागे ठेवून गेलीस. त्याचा अर्थ मला लागत नाही, आणि ज्या एका माणसाला तो विचारता आला असता ती तूच.

शब्द तरी केवढा? 'येते'.

दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसेल. सगळं शिक्षण पुण्यात झालं आणि बाई 'येते'चा अर्थ विचारत फिरते! पण तू हसणार नाहीस. ह्या एका शब्दावरून आपण दोघी जेवढ्या भांडलो तेवढी मी माधवशी सबंध संसारात भांडलेली नाही, आणि माझं भांडण काय असतं ते माझ्या नवऱ्याला विचार. उद्या तुला निरोप द्यायला आर्नहेमला जायचंय. त्याच्या आधी हे लिहून काढावं म्हणून बसलेय.

आपली ओळख झाली तीसुद्धा एका नसलेल्या डोंगरावर. इथल्या मराठी मंडळींनी 'नेदरलँड्सच्या सर्वोच्च शिखरावर ट्रेक' काढला होता. बस थेट शिखरावर गेली. वर पॅनकेकचं दुकान, मुलांसाठी घसरगुंडी आणि तीन देशांच्या सीमा मिळतात तिथे एक दगड. सगळे दगडापाशी फोटो काढत होते, कुणीतरी डब्यातून साबुदाणावडे काढले होते, आणि तू एकटी, पायात घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, पाठीवर सॅक, कमरेवर हात ठेवून चहूकडे बघत होतीस. मी विचारलं, काही हरवलंय का?

"शिखर," तू म्हणालीस.

"त्याच्यावरच उभ्या आहोत आपण."

"ह्याला आमच्या नाशकात उंचवटा म्हणतात. आणि त्याच्यावर पाण्याची टाकी बांधतात."

मी इतकी हसले की हातातला वडा घसरगुंडीवरून खाली गेला. परतीच्या बसमध्ये तू माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि स्वतःची सगळी माहिती एका दमात सांगून टाकलीस. आर्नहेमला विजेच्या कंपनीत इंजिनिअर, लग्न केलेलं नाही, का केलं नाही असं विचारलंस तर पुढच्या सिग्नलला उतरून जाईन. मी नाही विचारलं. पुढे इतक्या वर्षांतही नाही विचारलं, आणि बहुतेक त्याचमुळे आपलं जमलं.

मी सिंहगडाच्या पलीकडे फारशी न गेलेली, तू कळसूबाई अंगणासारखी तुडवलेली. पण दोघींना एकच गोष्ट खुपत होती. ह्या देशात नजर कशालाच अडत नाही. सुरुवातीला त्याचं बरं वाटतं. मग दोन-तीन वर्षांनी ऑफिसमधून बाहेर पडावं, मान वर करावी, आणि समोर काहीच नसावं, की पोटात खड्डा पडतो. हे मी माधवला सांगून पाहिलं होतं, तो म्हणाला, सायकल चालवायला किती सोपं आहे बघ. तुला सांगितलं तेव्हा तू नुसती मान हलवलीस. तेवढं मला पुरलं.

आर्नहेमच्या आजूबाजूला जरा टेकड्या आहेत आणि आमचं उइटहॉर्न समुद्रसपाटीच्याही खाली, म्हणून तू स्वतःला घाटावरची म्हणायला लागलीस आणि मला कोकणातली. "काय गं, कोकणात पाऊस काय म्हणतो?" अशी तुझ्या फोनची सुरुवात. मी आजारी पडले की "घाटावरची हवा खायला ये" असं बोलावणं. माझी सासर-माहेरची सात पिढ्यांची माणसं देशावरची, पण तुझ्यापुढे कोण बोलणार?

तुझ्या घरी स्वयंपाकघरातल्या फळीवर देव होते आणि बैठकीच्या भिंतीवर नकाशा. देवांना कधीमधी फूल मिळायचं, नकाशाकडे मात्र तू रोज बघायचीस. ध्रुवाच्या वाटेवरचं ते बेट डच खलाशांना दिसलं तेव्हा त्यांनी जे दिसलं तेच नाव ठेवलं, टोकदार डोंगर. स्पिट्सबर्गन म्हणजे तेवढंच. तुला ह्याचा केवढा आनंद! "निमे, ज्यांच्या देशात धड एक टेकडी नाही त्यांनी इतक्या लांब जाऊन डोंगरांचं बारसं केलं. आणि निघाले कुठे होते? आपल्याकडे! वरून शॉर्टकट मारून मिरी-लवंगा आणायला."

किनारा पुष्कळांनी पाहिला, व्हेल मारणाऱ्यांनी, कोल्ह्यांना सापळे लावणाऱ्यांनी. आतले डोंगर मात्र किती तरी काळ कुणी पाहिलेच नव्हते, नकाशात मध्ये कोरा कागद होता. मग पृथ्वीचा आकार मोजायला निघालेली माणसं मोजणीची यंत्रं घसरगाड्यांवर लादून बर्फावरून आत शिरली. त्यांचं तुला भारी कौतुक. पृथ्वी ध्रुवाशी चपटी आहे की नाही हे बघायला माणसं एवढी थंडी खातात, आणि आमच्या ऑफिसात ए.सी. दोन डिग्री कमी झाला तर मेल फिरते, असं म्हणायचीस. त्या बेटाच्या ईशान्येच्या भागाला नी-फ्रीसलांड म्हणतात, नवं फ्रीसलांड. जुनं फ्रीसलांड म्हणजे इथला गाईंचा आणि कालव्यांचा प्रांत, पोळपाटासारखा सपाट. नवं म्हणजे बर्फाच्या पठारातून वर आलेल्या डोंगरांच्या रांगा. त्यातल्या एका रांगेला अणूचे डोंगर म्हणतात, कारण तिथल्या शिखरांना अणुशास्त्रज्ञांची नावं दिली आहेत. त्यांच्याच शेजारी बेटावरचं सगळ्यात उंच शिखर. उंची कळसूबाईपेक्षा थोडीशीच जास्त.

"म्हणजे कळसूबाई आणि वर एक पाण्याची टाकी," तू म्हणालीस. "जमेल आपल्याला."

पन्नाशी उलटलेल्या दोन बायका! माधव म्हणाला, ह्यापेक्षा केरळला जा. माझी गुडघ्यांची कुरकुर, तुझी पाठ. पण तू एकदा मनात घेतलंस की ब्रह्मदेवाच्या बापाला ऐकायची नाहीस. वाटाड्या ठरला तोही डच, योरिस नावाचा, डोंगर हवेत म्हणून देश सोडून उत्तरेला गेलेला. त्यानं कळवलं की घसरगाडी ओढायची सवय हवी, म्हणून कमरेला दोरी बांधून मोटारीची टायर ओढत चाला. टायर गॅरेजवाल्यानं दिली. आणि मग दर शनिवारी आम्स्टेल नदीच्या काठानं, एक घाटावरची आणि एक कोकणातली, कमरेला दोरी, मागे खरखरत येणारी टायर. सायकलवाले घंटी वाजवायचे. एक आजोबा कुत्रा फिरवत दर वेळी तिथे असायचे, ते एकदा थांबून गंभीरपणे म्हणाले, "बाई, तुमची गाडी मागे राहिली वाटतं." तू तितक्याच गंभीरपणे डचमध्ये सांगितलंस, "हप्त्याहप्त्यानं आणतोय. आज टायर." माझा लेक तेव्हा शाळेत होता. त्यानं एकच विनंती केली, "आई, प्लीज, नॉट नियर माय स्कूल." मराठी त्याला सगळं कळतं, पण लाज वाटली की तो इंग्लिशवर जातो.

मला वाटायचं की डोंगर दिसला की माझ्या पोटातला तो खड्डा भरेल. भरला नाही, वैजू. हे तुला तिथेही सांगितलं होतं आणि तुला पटलं नव्हतं. स्नोस्कूटरवाल्यांनी आपल्याला पठारावर सोडलं, त्यांचा आवाज लांब जाऊन बंद झाला, आणि मग जे काही उरलं त्याला मी शांतता म्हणायला तयार नाही. शांतता म्हणजे कुणीतरी गप्प आहे. तिथे गप्प राहायलाही कुणी नव्हतं. रात्र होतच नव्हती. डोंगर समोर, इतके स्वच्छ की हात लावावा, आणि दिवसभर त्यांच्याकडे चालत राहिलं तरी ते होते तिथेच.

सह्याद्रीत कुठलाही कडा घे, त्याच्या पायाशी शेंदूर फासलेला दगड असतो, वर कुणाची तरी गुरं जाऊन आलेली असतात. कुणी तिथे नवस बोललेलं असतं, कुणी तो फेडायला अनवाणी गेलेलं असतं. तुझी कळसूबाईसुद्धा आधी बाई आणि मग शिखर. ह्या डोंगरांना नावं होती ती ज्यांनी ते कधी पाहिले नाहीत अशा विद्वानांची. आजी नाही, गोष्ट नाही, भूत नाही. मी तंबूत म्हटलं, "किती पोरके आहेत गं हे."

तू गुळाचा खडा फोडत होतीस. थंडीनं तो इतका कडक झाला होता की तू बर्फाच्या कुऱ्हाडीचा दांडा वापरत होतीस. म्हणालीस, "पोरके कसले? मोकळे आहेत. ह्यांच्याकडे कुणी काही मागत नाही, ह्यांना कुणी विचारत नाही तुमचं अजून झालं कसं नाही. मी पुढचा जन्म घेतला तर इथे घेईन."

तेव्हा मला कळायला हवं होतं की तू डोंगरांविषयी बोलत नाहीयेस. पण मला भूक लागली होती. आपण मेतकूट-भात खाल्ला, योरिसनं त्याच्या पाकिटातल्या मचूळ जेवणावर आपली शेंगदाण्याची चटणी घालून डबा अर्धा संपवला, आणि मोकळे की पोरके हा वाद तसाच राहिला.

आता ते शिखर. चिडू नकोस, मी माझ्या बाजूनं सांगणार. तुझ्या बाजूनं सांगायला तू हवी होतीस.

त्या दिवशी तुझी टाच सोलून निघाली होती. योरिस म्हणाला, मी आणि निमा डोंगराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे शिखराखाली चढ जरा सपाट होतो तिथवर, जातो. तिथून तंबूही दिसतो आणि सगळी वाटही दिसते. तू पट्टी लाव, बूट घालून बघ आणि वॉकीटॉकीवर सांग. येणार असशील तर आम्ही थांबू आणि तिघं वर जाऊ. नसशील तर आम्ही दोघं जाऊन येऊ. तंबूभोवती अस्वल आलं की बार उडवणारी इशाऱ्याची तार होती, तुझ्या उशाशी बंदूक होती, आणि तू आम्हाला असं हुसकावलंस की जसं आम्ही तुझ्या झोपेत व्यत्यय आणतोय.

आम्ही खांद्यावर पोचलो. ऊन होतं, वारा पडला होता. शिखर समोरच, गोल, सोपं, माझ्यासारखीलाही झेपेल असं. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. तू मराठीत बोललीस, कारण वैतागलीस की तू मराठीतच बोलायचीस. "पट्टी लावलीय... बुटात..." मग नुसती खरखर. आणि मग अगदी स्वच्छ, "बरं, येते."

"काय म्हणाली?" योरिसनं विचारलं.

"येतेय," मी म्हटलं.

आम्ही वाट बघत बसलो. खाली तंबू म्हणजे एक ठिपका. मला वाटत होतं, आत्ता त्या ठिपक्यातून एक बारका ठिपका सुटेल आणि वर यायला लागेल. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघत होते. योरिसनं तुला हाका मारल्या, उत्तर नाही. थंडीत बॅटरी उतरते म्हणून बोलून झालं की बंद करून ठेवायची, हा नियम त्याचाच, आणि आयुष्यात पहिल्यांदा तू एखादा नियम पाळला होतास. मी म्हटलं, तिला बूट घालायला वेळ लागतो. मग म्हटलं, चहा करत असेल.  पूर्वेकडून ढग आला. आधी लांबची शिखरं गेली, मग जवळची, मग आमचं. योरिसनं मान हलवली आणि आम्ही आमच्याच खुणा बघत खाली आलो.

आत तू पाय पसरून चहा पीत होतीस. "झालं का गं शिखर?"

"तू येते म्हणालीस ना!"

"हो, मग? बोलणं संपवताना काय म्हणतात? जाते म्हणू?"

"ती वॉकीटॉकी होती, वैजे! काय हळदीकुंकवाला आली होतीस?"

"म्हणून काय रीत सोडायची? डोंगरात तर मुळीच सोडू नये."

योरिस म्हणाला, मला कुणी सांगेल का काय झालं. मी त्याला समजावलं की आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. जाते म्हटलं तर माणूस परत येत नाही अशी भीती असते, म्हणून 'येते' म्हणायचं. त्यानं नीट विचार केला आणि विचारलं, "पण ती तर जातही नव्हती. ती तंबूत बसली होती." आपण एकमेकींकडे बघितलं. मग तू जी हसत सुटलीस, टाच धरून, चहा सांडून, की मलाही आवरेना. दोन बायका पृथ्वीच्या टोकाशी खदाखदा हसताहेत आणि तो बिचारा स्टोव्ह सांभाळतोय.

ढग गेला तेव्हा परतायची वेळ झाली होती. शिखर राहिलं. पुन्हा जाऊ म्हणालो, मग माझा गुडघा, मग तुझी पाठ, मग काहीच नाही. खरं सांगू का, शिखराचं मला फार वाटलं नाही. मला स्वप्नात अजून ते वाट बघणंच येतं.

त्यानंतर मात्र तू एक खोड लावून घेतलीस. फोन ठेवताना म्हणायचीस, "येते. निरोपाचं." कधी खरंच यायचं असेल तर, "येते. खांद्यावरचं." माधवलाही हे पाठ झालं होतं. इतकी वर्षं तू हा खुलासा एकदाही चुकवला नाहीस, कंटाळली असलीस तरी, माझ्यावर रागावली असलीस तरी.

आणि मग तुझ्या पोटात ती गाठ निघाली, आणि आता उपचारांचा उपयोग नाही म्हणून डॉक्टरांनी हॉस्पिटलचा विषयच बंद करून टाकला. इथले डॉक्टर गोड बोलून काही लपवत नाहीत. तू मला सांगितलंस तेही तसंच, भाजी काय केलीस असं विचारावं तितक्या सरळ. मी म्हटलं, "इकडे ये. खालची खोली रिकामी आहे, समोर कालवा आहे, बदकं आहेत. नर्स इथेही येते. एकटी मरू नकोस." असं तोंडावर म्हटलं मी. तू म्हणालीस, "घाटावरून खाली कोकणात? ह्या वयात?" मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तू हसण्यावारी नेत राहिलीस. तुला कुणाच्या घरी पाहुणी होणं कधी जमलंच नाही. दिवाळीलासुद्धा तू स्वतःची उशी घेऊन यायचीस.

त्या शेवटच्या रविवारी फोनवर तू थकलेली होतीस. मी एकटीच बोलत होते. पुतण्याच्या लग्नाचं, बदकांचं, काहीही. मध्येच म्हटलं, "ये ना गं इकडे." पलीकडे तू कूस बदललीस. मग म्हणालीस, "बरं. येते."

मी म्हटलं, "ये."

आणि फोन बंद झाला. खुलासा नाही. निरोपाचं नाही, खांद्यावरचं नाही.

मी खाली जाऊन खोली आवरायला घेतली. माधव दारात उभा राहिला. "येतेय का ती?"

"येते म्हणाली."

"कुठलं येते?"

मी गादीवरची जुनी चादर ओढून काढली. उलटा फोन करून विचारता आलं असतं, मला कळतंय. पण तू "अगं, निरोपाचं" म्हणाली असतीस तर? त्यापेक्षा चादर बदललेली बरी, असं वाटलं मला. सोमवारी नर्सचं बघितलं, हॉस्पिटलसारखा वरखाली होणारा पलंग मागवला. मंगळवारी सकाळी फोन आला तो तुझा नव्हता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चालू आहे. थकवा होता म्हणून खुलासा राहिला? की तुला माहीत होतं, आणि तो खराच निरोप होता, त्याला खुलासा कशाला? की तू खरंच यायचं ठरवलंस? मी तुला ओळखत होते असं सगळ्यांना सांगत फिरतेय आणि मला तुझा शेवटचा शब्द कळलेला नाही. हे कुणापाशी बोलू? ते शिखर, तो तंबू, ते भांडण, हे सगळं फक्त आपल्या दोघींचं होतं. मराठी येणाऱ्या माणसांना डोंगर माहीत नाही आणि योरिसला मराठी येत नाही.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज आर्नहेमला जाऊन आले.

इथल्या पद्धतीनं झालं सगळं, वेळेवर आणि नीटनेटकं. तुझा दादा नाशिकहून स्क्रीनवर बघत होता. त्याच्यामागे कुणीतरी सारखं "आवाज येतोय का?" विचारत होतं. मला दोन शब्द बोलायचे होते. मी टायरची गोष्ट सांगितली आणि लोक हसले, मग मला पुढे बोलता येईना आणि माधवनं हात धरून खाली बसवलं. मग शेजारच्या खोलीत कॉफी आणि केक. माणूस जाळल्याबरोबर केक खायचा हे मला अजून जमत नाही. मी बशी नुसती धरून उभी होते.

तेवढ्यात तुझ्या शेजारच्या बाई आल्या. फान डेन बेर्ख, म्हणजे 'डोंगराचे', म्हणून तू त्यांना डोंगरेकाकू म्हणायचीस आणि त्यांना वाटायचं हा काहीतरी भारतीय सन्मान आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुम्हीच ना उइटहॉर्नच्या? तुमच्याकडेच ती राहायला येणार होती ना?"

मी विचारलं, असं कोण म्हणालं?

"तीच. रविवारी संध्याकाळी मी सूप घेऊन गेले तेव्हा. म्हणाली, मी बुधवारी निमाकडे राहायला जाणार. तिचं ते वासाच्या पानांचं झाड तेवढं गाडीत मावेल का, असं माझ्या मुलाला विचारायला सांगितलं. तुमच्या खालच्या खोलीत ऊन चांगलं येतं म्हणाली."

मी पुन्हा विचारलं, नक्की काय म्हणाली, शब्द कुठला वापरला? काकूंना वाटलं माझं डच कच्चं आहे. लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितला. मी. निमाकडे. राहायला. जाणार. ह्यांच्या भाषेत येणं म्हणजे येणं आणि जाणं म्हणजे जाणं. निरोपाला वेगळाच शब्द आहे, आणि त्याचा पायांशी काही संबंध नाही.

मी तिथेच खुर्चीवर बसले. काकू बाजूला बसून माझी पाठ थोपटत राहिल्या.

इतके दिवस मला वाटत होतं, कळलं की बरं वाटेल. बरं वाटलंही, वैजू, खोटं कशाला बोलू. तुला यावंसं वाटलं. आयुष्यभर स्वतःची उशी घेऊन फिरणारी तू, कढीपत्त्याच्या झाडासकट यायला निघाली होतीस, म्हणजे परत जायचा तुझा विचार नव्हता. मोकळं की पोरकं ह्या वादात तू शेवटी थोडीशी माझ्या बाजूला आली होतीस, असं मी समजते. त्याबद्दल मी तुझी किती ऋणी आहे ते सांगायला मला शब्द नाहीत.

पण मग निरोप कुठे राहिला? ते निरोपाचं असतं तर आपला निरोप तरी झाला असता. आता तोही झालेला नाही. तू येते म्हणालीस ते यायचं म्हणून, मी ये म्हटलं ते बोलवायचं म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा शब्द आपण दोघींनी एकाच अर्थानं वापरला. तरी मी वाट बघत बसले, आणि तू पोचली नाहीस.